परीक्षेला न येणारा प्रश्न

महादेवप्पा माशाळे आमच्या शाळेत इतिहास आणि नागरिकशास्त्र शिकवायचे. मी मराठी शिकवायचो. सोलापूरच्या पूर्व भागात, विणकरांच्या वस्तीत आमची शाळा होती. चालवणारं मंडळ लहान, छप्पर पत्र्याचं, वर्ग सातवीपर्यंत. निम्म्याहून जास्त मुलांच्या घरी तेलुगू बोलत. मास्तर अक्कलकोटकडचे, त्यांच्या घरी कन्नड. त्यामुळं वर्गात मराठी ही सगळ्यांचीच शिकलेली भाषा होती आणि मास्तर ती सावकाश, शब्द मोजून वापरायचे.

नागरिकशास्त्राला तेव्हा कुणी विचारत नसे. इतिहासाच्या शेपटाला बांधलेला वीस मार्कांचा विषय. बाकीच्या शाळांत प्रश्नोत्तरं लिहून देत आणि पोरं ती पाठ करत. मास्तरांना ते पटायचं नाही. मूलभूत हक्कांचा धडा आला की ते टेबल बाजूला सरकवायचे आणि वर्गाचं कोर्ट करायचे. एकाला पोलीस करायचे, एकाला मॅजिस्ट्रेट, एकाला धरून आणलेला माणूस. पोलीस झालेल्या पोरानं हात धरून खिडकीपाशी न्यायचं, आणि धरलेल्यानं तीन प्रश्न विचारायचे. मला का धरलं? माझ्या वकिलाला कधी भेटू देणार? चोवीस तासांत मॅजिस्ट्रेटपुढं नेणार की नाही?

"मोठ्यानं विचारा की," मास्तर मागच्या बाकावरून म्हणायचे. "तुम्ही भीक मागत नाही. विचारताय."

पोरांना हा खेळ फार आवडायचा. मधल्या सुट्टीत नळावर ढकलाढकली झाली तरी कुणीतरी ओरडायचं, "मला का धरलं?" समतेचा हक्क शिकवताना मास्तर सगळ्यांना एकाच तांब्यातून पाणी प्यायला लावत. दोन-तीन घरांतून तक्रारी आल्या, पण त्यांनी तांब्या बदलला नाही. तेव्हा हक्क सात होते. सात बोटं वर करून ते शेवटचं बोट हलवायचे. "हे सातवं बाकीच्या सहांची राखण करतं. हक्क मोडला तर कोर्टात जाता येतं, हाही एक हक्कच."

मी गमतीनं म्हणायचो, "मास्तर, वीस मार्कांसाठी एवढं?"

ते म्हणायचे, "गोपाळराव, हे मार्कांसाठी नाहीच."

त्र्याहत्तर साली एक प्रकार घडला आणि मास्तरांचं नाव वस्तीत झालं. कल्लप्पा नावाचा टांगेवाला होता. त्याची मुलगी आमच्याकडं सहावीत. एका दुकानात चोरी झाली आणि संशयावरून कल्लप्पाला चौकीत नेलं. दोन दिवस झाले तरी सोडेनात, कोर्टापुढंही नेईनात. मुलगी रडत शाळेत आली. मास्तरांनी सातवीचं नागरिकशास्त्राचं पुस्तक काखेत घेतलं आणि तास अर्धा सोडून तिच्याबरोबर चालत चौकीत गेले. तिथल्या जमादाराला त्यांनी पान उघडून दाखवलं म्हणे. जमादार आधी हसला. मग मास्तर बाकावर बसले आणि म्हणाले, "मी थांबतो. मला घाई नाही." संध्याकाळी कल्लप्पाला सोडलं. पुस्तकानं सोडलं की जमादार कंटाळला म्हणून सोडलं, ते मला सांगता येणार नाही. पण कल्लप्पा पुढं कितीतरी दिवस मास्तरांना टांग्यात बसायचा आग्रह करायचा. "मास्तर, तुमी हाय म्हणून मी घरला आलो," असं रस्त्यात थांबून सांगायचा.

हे सगळं अनसूयानं पाहिलं होतं. अनसूया म्याकल, राजय्या म्याकलची मुलगी. राजय्या यंत्रमागावर काम करायचा आणि कामगारांच्या युनियनमध्ये होता. सभा असली की सायकलला भोंगा बांधून गल्लीगल्लीतून हिंडायचा. अनसूया हुशार होती, पण पाठांतरातली हुशारी नव्हे. तिला समजलं नाही तर ती पुढं सरकू द्यायची नाही. मास्तरांच्या कोर्टात ती दोन वर्षं मॅजिस्ट्रेट व्हायची. सातवीतली मोठी पोरं असली तरी पाचवीतल्या, सहावीतल्या अनसूयाला ते मुद्दाम बोलवून खुर्चीवर बसवत. पाय जमिनीला टेकत नसत, पण आवाज खणखणीत.

पंचाहत्तरच्या जूनमध्ये ती सातवीत आली. त्याच महिन्याच्या शेवटी आणीबाणी लागली.

पहिले काही दिवस आम्हाला फारसं जाणवलं नाही. रेडिओवर बातम्या ऐकल्या, गाड्या वेळेवर धावतात असं कुणीतरी सांगितलं. मग जुलैच्या मध्यात एका पहाटे, नळाला पाणी आलं होतं आणि बाया घागरी लावून उभ्या होत्या, तेव्हा पोलीस राजय्याला घेऊन गेले. तो बनियनवरच होता. बायकोनं सदरा आणून दिला, तो त्यानं चालता चालता घातला. कुठं नेलं, कशासाठी नेलं, कुणी सांगितलं नाही.

त्याच आठवड्यात आमचे मुख्याध्यापक कमलाकर सरदेशमुख यांनी आम्हाला ऑफिसात बोलावलं. गृहस्थ वाईट नव्हते. दार लावून घेतलं आणि म्हणाले, "जिल्ह्यात एका शिक्षकानं वर्गात काहीतरी शेरा मारला. घरी बसवलंय त्याला. माशाळे, तुमचा तो हक्कांचा धडा. यंदा वाचून घ्या फक्त. नाटक नको."

मास्तर म्हणाले, "धडा तर पुस्तकात आहे, सर."

"आहे ना. म्हणून तर वाचून घ्या म्हणतोय."

मास्तर मान डोलावून उठले. त्यांच्या दोन मुली लग्नाच्या होत्या. पत्नी पार्वतम्मांना दम्याचा त्रास. घरात मिळवता माणूस एकच. हे सगळं मी त्यांच्या बाजूनं सांगतोय, कारण माझंही तसंच होतं आणि मीही ऑफिसातून मान खाली घालून बाहेर आलो.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत अनसूया शिक्षकांच्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली. आत आम्ही दोघंच होतो. ती रडत नव्हती. केस नीट विंचरलेले, वेण्या घट्ट. ती म्हणाली, "सर, नायनाला नेऊन सहा दिवस झाले. चोवीस तास तर कवाच झाले की."

नायना म्हणजे त्यांच्यात वडील.

मास्तर म्हणाले, "हो, कळलं मला."

"आई चौकीत गेली होती. तिला हाकलून दिलं. तिला मराठी नीट येत नाही. तुमी चला की, सर. कल्लप्पामामाच्या वेळी गेला होता तसं. पुस्तक मी आणलंय." तिनं खरंच पुस्तक आणलं होतं. त्या पानावर बोट घालून धरलं होतं.

मास्तरांनी त्या बोटाकडं पाहिलं. मग म्हणाले, "अनसूया, हे वेगळं आहे. तू घरी जा, आईजवळ थांब. मी बघतो."

"कधी बघता, सर?"

"बघतो म्हटलं ना."

ती गेली. मी समोरच बसलो होतो, पाचवीच्या वह्या तपासत. मी मान वर केली नाही. तपासत होतो तीच वही पुन्हा तपासली.

मास्तर कुठंही गेले नाहीत. ते दिवस असे होते की चौकीत जाऊन काही साधलं नसतं, उलट त्यांनाच आत बसवलं असतं, असं आम्ही एकमेकांना सांगत राहिलो. ते खरंही असेल. पण अनसूया रोज वर्गात त्यांच्याकडं बघायची, आणि ते फळ्याकडं तोंड करून शिकवायचे.

ऑगस्टमध्ये तो धडा आला. माझा वर्ग शेजारी होता, मधे फक्त लाकडी फळ्यांची भिंत. मास्तरांनी टेबल हलवलं नाही. एका मुलाला उभं करून वाचायला लावलं. तो भराभर वाचत गेला. अटक झालेल्या व्यक्तीला चोवीस तासांच्या आत दंडाधिकाऱ्यासमोर हजर केलं पाहिजे, हे वाक्य आलं आणि अनसूयाचा आवाज आला.

"सर, हे खरं आहे का?"

वर्ग एकदम शांत झाला. माझाही वर्ग शांत झाला.

मास्तर म्हणाले, "पुढं वाच रे."

"सर, नायनाला महिना झाला. मग पुस्तकात खोटं छापलंय का?"

मी भिंतीपलीकडून वाट बघत होतो. मास्तरांचा आवाज आला, इतका हळू की मला जेमतेम ऐकू आला. "हा प्रश्न परीक्षेला येणार नाही. बस खाली."

ती बसली. मुलानं धडा वाचून संपवला. घंटा झाल्यावर मास्तर बाहेर आले आणि माझ्याकडं न बघता नळाकडं गेले. तिथं ते बराच वेळ तोंड धूत होते.

अनसूयानं सहामाही परीक्षा दिली. नागरिकशास्त्रात तिला वीसपैकी अठरा मिळाले. दिवाळीनंतर ती शाळेत आली नाही. वर्गातल्या मुली म्हणाल्या, आईबरोबर विड्या वळायला बसते. त्या भागात ते नवं नव्हतं. मुलगी शाळेतून गेली की चार दिवस हळहळायचं आणि हजेरीपटातून नाव कमी करायचं. हजेरीपटावर नाव कमी करताना मास्तरांचा हात थांबलेला मी पाहिला. पण त्यांनी नाव कमी केलं.

पुढच्या दीड वर्षात मास्तर बदलत गेले. धडे वाचून घ्यायचे, प्रश्नोत्तरं लिहून द्यायचे. शहात्तरच्या शेवटी घटनेत मूलभूत कर्तव्यं आली, तर तीही त्यांनी फळ्यावर लिहून दिली, ओळीनं. निरीक्षक येऊन गेले आणि शेऱ्यात 'अध्यापन समाधानकारक' असं लिहून गेले. मास्तरांना तसा शेरा पूर्वी कधी मिळाला नव्हता.

सत्त्याहत्तरच्या मार्चमध्ये निवडणुका झाल्या, सरकार बदललं, आणि माणसं तुरुंगांतून घरी आली. राजय्याही पुण्याहून परतला. वीस महिने झाले होते. वस्तीनं त्याला हार घातले, मिरवणूक काढली. मास्तर त्या मिरवणुकीला गेले नाहीत. शाळेच्या फाटकात उभं राहून त्यांनी ती जाताना पाहिली.

जूनमध्ये शाळा सुरू झाली त्या पहिल्या रविवारी ते माझ्या घरी आले. म्हणाले, "गोपाळराव, माझ्याबरोबर चला. एकट्याला जमणार नाही."

राजय्याचं घर म्हणजे एक खोली आणि पुढं पडवी. पडवीत अनसूया मांडीवर सूप घेऊन बसली होती. सुपात तंबाखू, बाजूला ओल्या फडक्यात गुंडाळलेली पानं. ती पंधराव्या वर्षाच्या आसपास आली होती. आम्हाला बघून उठली नाही, कारण सूप मांडीवर होतं, पण हसली. राजय्या आत झोपला होता. तुरुंगात त्याची छाती बिघडली होती, मागावर उभं राहणं जमत नव्हतं.

मास्तर पायरीवर बसले. म्हणाले, "शाळेत परत ये. सातवीच राहिलीय तुझी. मुख्याध्यापकांशी मी बोलतो."

"आता कसं यायचं, सर? नायना घरीच असतो."

"मग मी इथं येऊन शिकवतो."

तिची बोटं पान गुंडाळत होती, दोरा बांधत होती. हात थांबले नाहीत.

मग मास्तर म्हणाले, "त्या दिवशी तू विचारलंस. मी उत्तर द्यायला पाहिजे होतं."

"काय उत्तर होतं, सर?"

मी मास्तरांकडं बघितलं. हा प्रश्न तिनं टोमण्यानं विचारला नव्हता. तिला ते खरंच अजून ठाऊक नव्हतं.

मास्तर म्हणाले, "पुस्तकात खोटं नव्हतं. पण पुरतंही नव्हतं. सरकारला एखाद्याला गुन्हा न लावता नुसतं डांबून ठेवायचं असेल, तर त्याला चोवीस तास लागू नाहीत, असा अपवाद घटनेतच आहे. तो मला माहीत होता. तुम्हाला मी तो कधी सांगितला नाही. सांगितला असता तर नाटकाची मजा गेली असती. आणि त्या वेळी कोर्टात जायचा रस्तासुद्धा बंद केला होता. ते मी सांगितलं नाही, कारण मला भीती वाटत होती."

अनसूयाचे हात तेव्हा थांबले.

"तुमाला भीती वाटत होती?"

"हो."

ती म्हणाली, "तेवढं सांगितलं असतं तरी चाललं असतं, सर. मला वाटलं, नायनानंच कायतरी वाईट केलंय. एरवी सर बोलले असते. कल्लप्पामामानं चोरी केली नव्हती म्हणून सर गेले. नायनासाठी सर गेले नाहीत, म्हणजे नायनाचंच चुकलं असेल. आई लई भांडली माझ्याशी. मी ऐकलं नाही. तो तुरुंगातून पत्रं पाठवायचा. आईला वाचता येत नव्हतं, मीच वाचायची. उत्तर लिही म्हणायची ती. मी वर्षभर लिहिलं नाही."

आम्ही दोघं दोन वर्षं असं समजत होतो की आम्ही गप्प बसलो एवढंच. आमच्या गप्प बसण्याचा त्या मुलीनं असा अर्थ लावला असेल, हे आमच्या मनात कधी आलं नव्हतं. ती तर आमचंच शिकवणं धरून चालली होती. ज्याचं चुकलं नाही त्याच्यासाठी सर उभे राहतात, असं तिनं आपल्या डोळ्यांनी पाहिलं होतं.

थोड्या वेळानं तीच म्हणाली, "पार्वतम्माअक्का यायच्या. कडक भाकरी आणि शेंगाचटणी घेऊन. चार-पाच वेळा आल्या. तुमाला सांगू नका म्हणाल्या होत्या."

मास्तरांना हे ठाऊक नव्हतं. परत येताना वाटेत ते एवढंच म्हणाले, "दम लागतो तिला. एवढ्या लांब चालत आली असेल."

त्या वर्षी ऑगस्टमध्ये त्यांनी राजय्याला वर्गात बोलावलं. धड्याच्या दिवशी टेबल बाजूला केलं, पण कोर्ट भरवलं नाही. राजय्या खुर्चीत बसला, खोकत. मराठी त्याला अडखळत यायची, म्हणून मधेमधे तेलुगूत बोलायचा आणि पोरंच एकमेकांना समजावून सांगायची. तुरुंगात काय खायला देतात, झोपायला काय देतात, हेच पोरांनी जास्त विचारलं. मग पुढच्या बाकावरच्या एका मुलीनं विचारलं, "तुमाला का धरलं होतं?"

राजय्या थोडा विचार करून म्हणाला, "ते मला अजून कुणी सांगितलं नाही, बाळ."

मास्तर मागच्या बाकावर बसले होते. ते उठून पुढं आले आणि त्यांनी पोरांना त्या अपवादाबद्दल सांगितलं, आणीबाणीत काय काय बंद होतं ते सांगितलं, आणि मग म्हणाले, "दोन वर्षांपूर्वी ह्याच वर्गात एका मुलीनं मला ह्यांच्याबद्दल विचारलं होतं. मी तिला खाली बसवलं. ते मी चुकीचं केलं." सातवीच्या पोरांना त्यातलं किती कळलं, कोण जाणे. सरदेशमुख सर दारातून ऐकत होते. ते आत न येता निघून गेले.

रविवारी मास्तर अनसूयाकडं जाऊ लागले. ती विड्या वळायची आणि ते मोठ्यानं वाचून दाखवायचे. गणित मात्र पाटीवर. अठ्ठ्याहत्तरच्या एप्रिलमध्ये तिला बाहेरून सातवीला बसवायचं ठरलं होतं. फॉर्मही भरला. पण परीक्षेच्या आठवड्यात राजय्याला दवाखान्यात ठेवावं लागलं आणि तिला जाता आलं नाही. पुढच्या वर्षी देऊ, मास्तर म्हणाले. ती म्हणाली, देऊ की.

पुढच्या वर्षी माघात राजय्या गेला. त्यानंतर महिन्याभरात अनसूयाच्या मामानं मायलेकींना भिवंडीला नेलं. तिकडं मागांवर काम मिळतं म्हणून. मास्तरांना कुणी सांगितलं नाही. ते नेहमीसारखे रविवारी गेले, तर खोलीत दुसरं बिऱ्हाड आलेलं. त्यांतल्या बाईला पत्ता माहीत नव्हता. शेजारच्यांना एवढंच माहीत, की भिवंडी.

एकोणऐंशीच्या जूनपासून मालमत्तेचा हक्क मूलभूत राहिला नाही. मास्तर सहा बोटं दाखवून शिकवू लागले. कोर्टाचं नाटक त्यांनी पुन्हा सुरू केलं, पोरं आग्रह करायची म्हणून. पण मॅजिस्ट्रेटच्या खुर्चीवर कुणाला बसवायचं हे ते आता स्वतः ठरवायचे नाहीत, पोरांना ठरवायला सांगायचे.

त्या दिवाळीच्या सुट्टीत ते भिवंडीला गेले. आयुष्यात पहिल्यांदाच सोलापूरच्या एवढे बाहेर. तीन दिवस गल्ल्यागल्ल्यांतून म्याकल आडनावाची घरं विचारत हिंडले. आठ-दहा सापडली. त्यांतलं एकही अनसूयाचं नव्हतं. मागांच्या खडखडाटात बोललेलं ऐकू जात नाही, प्रत्येक दारात दोनदा सांगावं लागायचं, असं ते म्हणाले. परत आले ते ताप घेऊनच.

मी भेटायला गेलो. पार्वतम्मांनी त्यांना उशीला टेकवून बसवलं होतं. मी विचारलं, "काही पत्ता?"

त्यांनी मान हलवली. म्हणाले, "तिकडं फार लहान पोरी कामाला जातात, गोपाळराव. सकाळी रांगेनं जाताना दिसतात. प्रत्येकीच्या तोंडाकडं बघत होतो मी. त्या घाबरून मान खाली घालायच्या."